एकोणिसावी ओळ

"मशीनला कुणी हात लावला नाही ना?" मी विचारलं, आणि शब्द तोंडातून बाहेर पडताच जीभ चावली.

समोर कट्ट्यावर निंगव्वा बसली होती. तिचा उजवा हात कोपराच्या खाली चार बोटं अंतरावर संपत होता. पट्टीवर तिनं पदर घेतला होता, पण वाऱ्यानं तो सारखा सरकत होता आणि दर वेळी ती डाव्या हातानं तो पुन्हा ओढून घेत होती. माझा प्रश्न तिला लागला की नाही, कळलं नाही. उत्तर तिच्या नवऱ्यानं, सिदगोंडानं दिलं.

"न्हाय म्याडम. तुमच्या हापिसातनं फोन आलता न्हवं, कायबी हलवू नका म्हून. सतरा दिस झालं. हाय तसंच हाय."

"मग जनावरांना?"

"इळ्यानं तोडून घालतुया."

जतच्या बाजूचं गाव. गोठा पत्र्याचा, तीन म्हशी, एक जर्सी गाय. कोपऱ्यात आमच्या कारखान्याची हिरवी कडबाकुट्टी उभी होती. तिच्या तोंडात ज्वारीचा कडबा अर्धा गिळलेला तसाच अडकून वाळला होता. पुढं जमिनीवर कुणीतरी राख टाकली होती.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. आज त्याला एकवीस वर्षं झाली. मिरजेजवळच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना होता आणि त्याच्या वॉरंटीचं काम माझ्याकडे होतं. मशीन विकल्यापासून वर्षभरात काही बिघडलं तर आम्ही फुकट दुरुस्त करून द्यायचो. त्या फुकटाचा खर्च किती, कशामुळे, आणि तो कमी कसा करायचा, हे बघायला मला नेमलं होतं. मी येईपर्यंत कुणी तो मोजतच नव्हतं. मी प्रत्येक तक्रारीला कोड दिला, प्रत्येक सुट्या भागाचा वर्षाचा खर्च काढला आणि जास्तीकडून कमीकडे अशी यादी लावली. पहिल्या ओळीत मोटरचं वायंडिंग, दुसऱ्या ओळीत बेअरिंग. त्या दोन ओळींच्या मागे लागून दीड वर्षात मी खर्च जवळजवळ निम्म्यावर आणला. आमचे मॅनेजर देवस्थळी साहेब ती यादी टेबलाच्या काचेखाली ठेवत आणि आलेल्या-गेलेल्याला दाखवत. यादीत एकूण एकोणीस ओळी होत्या.

माझ्या हाताखाली तीन मेकॅनिक होते. त्यातले दस्तगीर मुल्ला सगळ्यात जुने. बावीस वर्षं ते खेडोपाडी फिरून आमची मशीनं दुरुस्त करत आले होते. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही. त्या दिवशी जीप तेच चालवत होते.

"नीट सांगाल का, काय झालं ते?" मी निंगव्वाला विचारलं आणि वही उघडली.

"काय सांगायचं, बाई. धार काढली आन् कडबा घालाय लागले. पेंडीला एक सुतळी ऱ्हायली हुती. ती बोटाला गुतली. वढलं गेलं."

"मग?"

"मग ह्यो दांडा वढला की. डाव्या हातानं. वढला, वढला. ते नुस्तं फिरलं हातात. वाटीत चमचा फिरतुया तसं."

तिचा डावा हात हवेत गोल फिरला. आपण काय दाखवतोय ते ध्यानात आल्यावर तिनं तो मांडीवर ठेवून दिला.

कडबाकुट्टीला पुढं दोन दातेरी रोलर असतात. ते कडबा आत ओढतात, आत पाती फिरत असतात. हात रोलरमध्ये सापडलाच तर दुसऱ्या हातानं बाजूचा लाल दांडा खेचायचा, की रोलर जागच्या जागी थांबतात. मोटरचा स्टार्टर भिंतीवर असतो, सापडलेला माणूस तिथवर पोचत नाही. त्याला वाचायला तो दांडाच काय तो असतो.

चाचांनी दांडा धरून खाली ओढला. तो सैल फिरला. आतलं काहीच हललं नाही. त्यांनी झाकण खोललं, छिन्नीनं दोनदा ठोकलं आणि माझ्यापुढं तळहात धरला. त्यावर दांडा आतल्या यंत्रणेशी जोडणाऱ्या पिनेचे दोन तुकडे होते. दोन्ही मिळून आगकाडीएवढे. मी तुकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले आणि वर मशीनचा नंबर लिहिला.

आता कागद काढायला हवा होता. निघताना देवस्थळी साहेबांनी तो स्वतः माझ्या फाईलमध्ये ठेवला होता, टाईप केलेला. मी वाचून दाखवला. 'यंत्र वापरताना माझे लक्ष नव्हते. यंत्रात कोणताही दोष नाही. याबाबत माझी कोणाविरुद्धही तक्रार नाही.' याच्या बदल्यात दवाखान्याचा सगळा खर्च आणि एक नवं मशीन.

"दवाखान्याचं समदं?" सिदगोंडानं विचारलं.

"सगळं."

"मग द्या म्याडम. कुटं करायची सही?"

निंगव्वा मात्र कागदाकडे बघत राहिली. "लक्ष न्हवतं म्हंजे? लक्ष हुतं की माजं."

"आगं, आसं लिव्हावं लागतंय," सिदगोंडा म्हणाला.

ती माझ्याकडे वळली. "बाई, तुमी शिकल्याल्या हायसा. आसं लिव्हल्यावर काय हुतंय?"

चाचा मशीनपाशी पाठमोरे उभे होते. फडक्यानं हात पुसत होते ते थांबले.

"काही होत नाही," मी म्हणाले. "फाईलला लागतं."

ती मान हलवून सरसावून बसली. मी शाईचं पॅड काढलं, तशी तिच्या चेहऱ्यावर जरा राग आला. "सही येती मला. सातवी झालीया मी." मग ती थांबली. "येत हुती."

कागद दाबून धरायला तिला दुसरा हात नव्हता. म्हणून तो मी धरला, आणि तिचा डावा अंगठा मीच शाईत टेकवून कागदावर दाबला.

परत येताना कवठेमहांकाळ मागे पडल्यावर चाचा म्हणाले,

"दिवाळीच्या आधी मी सांगितलं होतं तुमाला."

"काय?" मी म्हणाले. मला चांगलं आठवत होतं.

"पिनेचं. म्हणलं होतं, ह्या खेपेचं पोलाद मऊ हाय. लोक म्हणत्यात दांडा सैल झालाय. जाऊन बगावं तर पिन तुटल्याली. नवी ठोकून येतो, ती पण त्याच डब्यातली."

त्या दिवशी मी त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवून यादी दाखवली होती. चाचा, हे बघा, वर्षात त्रेसष्ट पिना, खर्च सातशे रुपये. एकोणिसावी ओळ. तिच्याखाली काही नाहीच. आधी वरचं निस्तरू द्या की मला! असं म्हणून मी हसले होते. मला बरं वाटावं म्हणून तेही हसले होते.

"आता काय लिहिणार तुमी?" त्यांनी विचारलं.

"अजून ठरवलं नाही."

"कागद तर घेऊन आलाय," ते म्हणाले. त्यानंतर मिरजेपर्यंत त्यांनी समोरच्या रस्त्यावरची नजर काढली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवस्थळी साहेबांनी माझ्यासाठी चहा मागवला. आवाज चढवणारा माणूस नव्हता तो. मी प्लॅस्टिकची पिशवी टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"दांड्याची पिन, सर. तिनं दांडा ओढला होता. चालला नाही. चाचा म्हणतात, या खेपेचं पोलादच मऊ आहे."

"या पिनेची किती मशीनं बाहेर आहेत?"

"सहा हजार चारशे."

"बरं. प्रत्येक मशीनपाशी माणूस पाठवायचा. जाणं-येणं, भत्ता, पिन. तुझ्याच पद्धतीनं मांड. मांड ना, मी थांबतो."

मांडायची गरज नव्हती. मनातल्या मनात आकडा आला तोच बाकीच्या अठरा ओळींच्या बेरजेपेक्षा मोठा होता. माझ्या तोंडावरूनच त्यांना ते कळलं असावं.

"शैलजा, तू आलीस तेव्हा इथं हे काम कुणी करतच नव्हतं. एप्रिलपासून याचा स्वतंत्र विभाग करायचं माझ्या मनात आहे. तुझ्या हाताखाली चार माणसं देईन." त्यांनी पिशवी माझ्याकडे सरकवली. "यात काय लिहायचं ते मी सांगणार नाही. कोड तू टाकतेस. पद्धत तुझी आहे."

"आणि पिना, सर?"

"पुढच्या खेपेपासून बदलू. दुरुस्तीला येतील त्यांना नव्या घालत जा."

माझ्या पद्धतीत कोड चार म्हणजे मालातला दोष, आणि कोड सात म्हणजे ग्राहकाची चूक. सातचा खर्च वॉरंटीत धरला जात नसे. तो कोडही मीच काढला होता, वापरातल्या हलगर्जीपणाचा बोजा कारखान्यावर का, म्हणून. जागेवर येऊन मी सात दाबला. पडद्यावर पुढची तक्रार आली. बेअरिंगचा आवाज, तालुका शिरोळ.

त्याच आठवड्यात चाचांनी नोकरी सोडली. कारण विचारलं तर म्हणाले, गुडघे दुखत्यात. हत्यारांची पेटी मोजून माझ्या ताब्यात दिली, सही केली आणि सलाम करून गेले.

एप्रिलमध्ये मला विभाग मिळाला, काचेचं दार असलेली खोली मिळाली. ऑगस्टमध्ये तालुक्यांप्रमाणे आकडे लावताना एक गोष्ट दिसली. जत, कवठेमहांकाळ आणि आटपाडी या तीन तालुक्यांत मार्चपासून पिनेची एकही तक्रार नव्हती. देवस्थळी साहेब खूश झाले. "नव्या पिनेचा गुण," म्हणाले. पण नवी पिन तर सगळीकडे जाणाऱ्या मशीनला होती, आणि बाकीच्या तालुक्यांतल्या जुन्या मशीनच्या तक्रारी तशाच येत होत्या. हे तीन तालुके बावीस वर्षं कुणाकडे होते, ते मला माहीत होतं.

चाचांच्या भाच्याचं मिरजेत लेथचं दुकान होतं. चाचा तिथं स्टुलावर बसून पिना पुसत होते. एकेक पिन उजेडात धरून बघायची आणि डब्यात टाकायची.

"या, मॅडम. बसा," ते म्हणाले. जणू मी रोजच येत होते.

"चाचा, जतकडं तुम्हीच फिरताय ना?"

"अकराशे चाळीस झाल्या. मोटरसायकलवर जातो. मशीन बगायला आलोय म्हणतो. लोक अजून कंपनीचाच मानूस समजत्यात, मी पण न्हाई म्हणत न्हाई. दहा मिन्टांचं काम हाय."

"एकटेच?"

"दुसरं कोण येणार?" आवाजात राग नव्हता. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. "मॅडम, एक काम होतं. ह्या तीन तालुक्यांतली घरं मला तोंडपाठ होती. ती आता संपत आली. सांगोला, मंगळवेढा, तिकडं खाली विजापूर, तिथलं मला काय ठावं न्हाई. पण वॉरंटी कार्डावर सगळ्यांचे पत्ते असतात. ते तुमच्याकडं हायत."

"ग्राहकांची यादी बाहेर देता येत नाही, चाचा."

"व्हय. देता येत असती तर कुणीबी दिली असती. म्हणून तर तुमच्याकडं मागतोय."

मी डब्यातली एक पिन उचलून परत ठेवली. "बघते," म्हणाले.

बघते म्हणाले आणि अकरा दिवस बघत बसले. पहिल्या दिवशी यादी पडद्यावर उघडली आणि मिटली. नंतर एकदा प्रिंटरपर्यंत गेले, तर तिथं अकाउंट्सचे कुलकर्णी उभे होते. त्यांच्याशी त्यांच्या मुलीच्या लग्नाबद्दल बोलून परत आले. मग मुंबईहून तपासणीला माणसं आली, ती जाईपर्यंत नको म्हटलं. मग गौरी आल्या, दोन दिवस रजा. रोज सकाळी वाटायचं, आज देऊ.

अकराव्या दिवशी आमच्या सांगोल्याच्या डीलरचा फॅक्स आला. एका खेड्यात एक मुलगी, वय एकोणीस, लग्नाला चार महिने. उजवा हात. 'दांडा ओढला पण मशीन थांबले नाही असे म्हणतात. माहितीसाठी कळवीत आहे.'

मी मशीनचा नंबर शोधला. विक्रीला चौदा महिने झाले होते. वॉरंटी संपून दोन महिने. म्हणजे ही तक्रारच नव्हती. तिला चारही लागणार नव्हता आणि सातही. खर्चाची ओळ कितीही खाली शोधली तरी ती मुलगी माझ्या यादीत कुठंच येणार नव्हती. आणि वर्ष उलटून गेलेली किती मशीनं अशी बाहेर होती, तेही मला त्याच क्षणी कळलं. निम्म्याहून जास्त.

दुपारी तीन वाजता, भरल्या ऑफिसात, मी प्रिंटरपाशी उभी राहून दोनशे तेरा पानं छापली. मध्ये कागद संपला तेव्हा कुलकर्ण्यांनीच नवं रीम आणून दिलं. कशासाठी, असं कुणी विचारलं नाही. इतकं सोपं होतं ते.

त्या यादीचं पुढं कुणाला तरी कळलं आणि सहा महिन्यांनी माझी नोकरी गेली. तोवर दर रविवारी मी चाचांबरोबर जात होते, नंतर रोज. पुढच्या दोन वर्षांत आम्ही चार हजारांवर घरं केली. मग चाचांचे गुडघे खरंच गेले. उरलेल्या घरांत काय झालं, मला माहीत नाही.

पण पानं छापली त्याचा दुसरा दिवस. सकाळी मी पानं घेऊन दुकानात गेले. चाचांनी चष्मा लावून वरची दोन-चार पानं उलटली. "सगळे?"

"सगळे." मग मी सांगोल्याचं सांगितलं. ते ऐकत होते तोवर त्यांचा हात पानावर तसाच राहिला.

"कुठल्या पानावर हाय ते घर?"

मी पान काढून दिलं. ते त्यांनी घडी घालून खिशात ठेवलं आणि हत्यारं पिशवीत भरायला घेतली.

"चाचा, तिथं आता जाऊन काय करणार? तिथं तर झालं ते झालं."

"मशीन तिथंच उभं असंल न्हवं? म्हशी काय उपाशी ठेवणार हायत?" ते म्हणाले. "बसा मागं."

नव्वद किलोमीटर. पोचायला दुपार झाली. गल्लीच्या तोंडाशीच मोटरचा आवाज ऐकू आला. परसात पन्नाशीची एक बाई, मुलीची सासू, पदर खोचून पेंडी रोलरला लावत होती. हात आत जाऊ नये म्हणून कोपरापासून वाकडा धरून, अंग मागं ताणून. मी हाक मारली, ती तिला ऐकू गेली नाही. चाचांनी भिंतीपाशी जाऊन मोटर बंद केली.

"कोण तुमी?"

"कंपनीकडनं आलोय, मावशी," चाचा म्हणाले. "दांडा बगायचाय."

ती बाजूला झाली. चाचांनी जुने तुकडे काढले, नवी पिन बसवली, हातोडीनं चार घाव घातले. मी दांडा धरून उभी होते. घराच्या आतून कुणीतरी बारीक आवाजात पाणी मागितलं. ती बाई आत जाऊन पाणी देऊन आली आणि पुन्हा तिथंच उभी राहिली.

चाचांनी मोटर चालू केली. "वढा, मावशी."

तिनं घाबरत दांडा ओढला. खाट्कन आवाज झाला आणि रोलर थांबले. दांडा सोडला, रोलर फिरले. तिनं पुन्हा ओढला. पुन्हा थांबले. तिनं तो चार-पाच वेळा ओढला, दर वेळी आधीपेक्षा जोरात. मग हात सोडून ती तिथंच जमिनीवर बसली.

"एवढंच हुतं?" तिनं विचारलं. "एवढंच हुतं व्हय?"

चाचा खाली बसून हत्यारं गोळा करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"हो," मी म्हणाले. "एवढंच होतं."